मंग ती काय बोलनी? : ‘प्यार का पंचनामा’ बघताना

पंचनामा हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो तलाठ्याच्या तोंडून. अमळनेर तालुक्यात आमची थोडी कोरडवाहू जमीन आहे, काका कसतात. एका वर्षी वेचणीला आलेला कापूस अवकाळी पावसात भिजला. तेव्हा तलाठी आले, बांधावर उभे राहिले, कागदावर काहीतरी लिहिलं आणि काकांची आणि गावातल्या दोघा पंचांची सही घेतली. मी लहान होतो. मला वाटलं, पंचनामा म्हणजे नुकसान झाल्यावर सरकार येऊन वाईट वाटल्याचं लिहून देतं तो कागद.

पोलिसांच्या पंचनाम्याचं नंतर कळलं. झडती घ्यायची असेल तर त्या भागातले किमान दोन स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी साक्षीला बोलवावेत, असं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 100 मध्ये होतं. त्यातला ‘स्वतंत्र’ हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मंडळाच्या या अंकासाठी ‘आवडत्या कलाकृतीवर अभ्यासलेख’ मागवले, तेव्हा बहुतेकांनी शहाण्यासारखी नावं दिली. मी ‘प्यार का पंचनामा’ दिलं. यादीवर नाव वाचल्यावर वर्गात जे हसू पसरलं तेही या लेखाचाच भाग आहे. सिनेमा अचरट आहे, शिवराळ आहे, बायकांच्या बाबतीत तर उघडउघड अन्याय करणारा आहे, आणि मला तो आवडतो. आवडायचा म्हणत नाही, आवडतो. मागच्या आठवड्यात लेखासाठी परत लावला तेव्हाही मी त्याच जागांवर हसलो. तेव्हा ‘हा सिनेमा वाईट कसा’ हे सिद्ध करायला मी बसलेलो नाही. मी हसतो ते नेमकं कशाला, आणि त्या हसण्यातून काय निसटतं, एवढंच शोधायचंय.

आधी थोडी माहिती. दिग्दर्शक लव रंजन, त्याचा पहिलाच सिनेमा. प्रदर्शित 20 मे 2011. कार्तिक आर्यनचाही हा पहिला सिनेमा. ग्वाल्हेरचा मुलगा, नव्या मुंबईत इंजिनिअरिंग शिकत होता. दिल्लीच्या बाजूला नोकरी करणारे, एका फ्लॅटमध्ये राहणारे तिघे मित्र: रजत, चौधरी आणि निशांत, ज्याला सगळे लिक्विड म्हणतात. तिघांच्या आयुष्यात तीन मुली येतात. नेहा रजतकडून सतत काही ना काही मागत राहते. रियाचं आधीच्या मित्राशी असलेलं नातं पुरतं संपलेलं नसतं. चारू लिक्विडकडून ऑफिसातली कामं करून घेते, आणि तिचा मित्र दुसराच. सिनेमाच्या शेवटी तिन्ही नाती मोडतात आणि तिघे पुन्हा त्याच फ्लॅटवर. 16 ऑक्टोबर 2015 ला दुसरा भाग आला, 2018 मध्ये त्याच दिग्दर्शकाचा ‘सोनू के टीटू की स्वीटी’. मराठीत 2017 चा ‘बॉईज’, 2019 चा ‘टकाटक’ ही याच गल्लीतली घरं. गल्ली आता चांगली रहदारीची झाली आहे.

मी हा सिनेमा थिएटरात पाहिलेला नाही. मी तो गोडादऱ्यात पाहिला, दहावीच्या सुट्टीत, पाण्याच्या जगला टेकवून उभ्या केलेल्या मोबाईलवर.

ज्यांना सुरत फक्त साड्या आणि लोचो एवढीच माहीत आहे त्यांच्यासाठी: गोडादरा हा शहराच्या पूर्वेकडचा भाग, पर्वत पाटियाच्या पुढे. एका बाजूला लिंबायत, दुसरीकडे डिंडोली. इथे रस्त्यात धक्का लागला तर समोरचा कुठल्या भाषेत शिवी देईल हे सांगता येत नाही. गुजराती, हिंदी, भोजपुरी, उडिया, मारवाडी, आणि आमची अहिराणी. धुळे-जळगाव-नंदुरबारहून आलेली माणसं इतकी आहेत की माझी आई बाजारात भाव अहिराणीतच करते आणि भाजीवालाही तिला अहिराणीतच नाही म्हणतो. सुरत-भुसावळ रेल्वे नसती तर यातलं काहीच नसतं. कापसाने साथ सोडली की माणूस त्या गाडीत बसतो आणि उधन्याला उतरतो.

आमच्याच सोसायटीत मावशीचं घर. खाली मावशी-काका, वरच्या खोलीत माझा मावसभाऊ आणि त्याचे तीन भाडेकरू सोबती. एक लूम्सवर, एक एम्ब्रॉयडरीच्या मशिनवर, एक कापड मार्केटमध्ये पार्सलचं काम करणारा. मावसभाऊ डाइंग मिलमध्ये. लूम्सवाल्याची पाळी बारा तासांची, त्यामुळे खोलीत चारही जण एकत्र जागे असायचे ते आठवड्यातून एकदाच. ती रात्र सिनेमाची. मी त्यांच्यात सगळ्यात लहान, म्हणून मोबाईल सरळ धरायचं आणि चहा आणायचं काम माझ्याकडे.

ती रात्र मला हसण्याच्या आवाजासकट आठवते. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने हास्याचे सहा प्रकार सांगितलेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. पहिले दोन उत्तम लोकांचे, मधले दोन मध्यमांचे, शेवटचे दोन ‘अधम’ लोकांचे. अतिहसितात डोळ्यांत पाणी येतं, आवाज मोठा होतो आणि माणूस हातांनी स्वतःच्या कुशी धरतो. वर्गात हे शिकताना मला हसू आलं, कारण दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी आमची गोडादऱ्याची खोली पाहून ठेवली होती. एम्ब्रॉयडरीवाला अक्षरशः कुशी धरून गादीवर आडवा झाला होता. त्याला अधम म्हणायला मात्र मी तयार नाही. बारा तास उभं राहून आलेल्या माणसाने स्मित करावं ही अपेक्षाच चुकीची आहे.

आता हसण्याचं. त्या सिनेमात मला दोन वेगळी हसणी ऐकू येतात, आणि मला वाटतं आपण ती एकच समजतो.

पहिलं हसणं लिक्विडचं. दिव्येंदू शर्माने ही भूमिका अशी केली आहे की तो पडद्यावर आला की पोटात आधी कळवळा येतो आणि मागून हसू. चारूचं काम हा करणार, तिच्या एका गोड शब्दावर आठवडाभर तरंगणार, मित्रांनी कितीही सांगितलं तरी ‘ती तशी नाही’ म्हणणार. हा मूर्ख आहे, हे त्यालाही मधूनमधून कळतं, आणि कळूनही तो परत जातो. हा माणूस आपल्याला जुना ओळखीचा आहे. ‘सोंगाड्या’तला दादा कोंडकेंचा नाम्या आठवा. आयेच्या धाकातला भोळसट, तमाशातल्या कलावतीच्या मागे लागलेला. दादांच्या संवादांना दोन अर्थ असतात हे शेंबड्या पोरालाही माहीत, पण थट्टेच्या मध्यभागी दादांनी ठेवलाय तो स्वतःलाच. बावळट नायक, आणि त्याच्यापेक्षा चार पावलं पुढची उषा चव्हाण. तिथे प्रेक्षक हसतो तेव्हा तो स्वतःच्या बावळटपणाला हसत असतो. लिक्विडला हसताना खोलीतला पार्सलवाला म्हणाला होता, “हा तर मीच आहे रे.” मार्केटमधल्या एका दुकानात बसणाऱ्या मुलीचा मोबाईल रिचार्ज त्याने सहा महिने मारला होता. ती आणि तो आयुष्यात तीनदा बोलले होते. हे सांगताना तोही कुशी धरून हसत होता.

दुसरं हसणं रजतचं. सिनेमा गाजला तो याच्यामुळे. रजत आपल्या मित्रासमोर सुमारे पाच मिनिटं न थांबता बोलतो: मुलींना काय हवं असतं, काय केलं की काय होतं, नाही केलं की काय होतं, हो म्हटलं तर काय, नाही म्हटलं तर काय. ते स्वगत (खरं तर स्वगत नाही, समोर मित्र आहे) पुढे इतकं चाललं की दुसऱ्या भागात त्याहून लांब एक रचावं लागलं. मला पहिलं पाठ होतं. अजून आहे.

त्याची बांधणी अभ्यासण्यासारखी आहे, हे मी गंमत म्हणून म्हणत नाहीये. तक्रारी छोट्या छोट्या आहेत, प्रत्येक तक्रार रोजच्या जेवणा-फोना-कपड्यांतली आहे, त्यामुळे ऐकणाऱ्याला एक तरी लागू होतेच. मग वेग. एका तक्रारीवर हसून होईपर्यंत दुसरी येते, आणि विचार करायला जागा उरत नाही. भारुडातला, बतावणीतला गडी दमसास दाखवून टाळ्या घेतो, तसंच हे आहे. निम्म्या टाळ्या श्वासाला असतात. आणि तिसरी गोष्ट, वाद जिंकण्याची खात्री. कारण दुसरी बाजू तिथे नाहीच.

हे तिसरं मला सुचलेलं नाही. मावशीला सुचलं.

मावशी जिन्याच्या तोंडाशी बसून साडीचे धागे कापत होती. सुरतेत एम्ब्रॉयडरीची साडी मशिनवरून उतरली की मागचे लोंबते धागे कापावे लागतात. ते धागा कटिंगचं काम बायका घरी आणतात, नगावर पैसे. आम्ही दार लोटलं होतं, पण पाच मिनिटं एक माणूस ओरडून बोलतोय म्हटल्यावर ऐकू जाणारच. स्वगत संपलं, आम्ही लोळत होतो, आणि दाराबाहेरून आवाज आला, “एवढं बोलना तो, मंग ती काय बोलनी?”

मावसभाऊ म्हणाला, “ती नही शे तठे.”

“मंग कोनले सांगस?”

“दोस्तले.”

मावशी काही बोलली नाही. कात्रीचा आवाज परत सुरू झाला. आम्हीही पुढचा सिनेमा लावला.

त्या प्रश्नाचं महत्त्व मला कळलं ते दुसऱ्या वर्षाला, रूपकांचे दहा प्रकार शिकताना. त्यात एक ‘भाण’. एक अंक, एकच नट. बहुतेकदा तो विट असतो, म्हणजे शहराच्या रंगेल भागात वावरणारा, बायका आणि मित्रांच्या भानगडी तोंडपाठ असलेला माणूस. तो एकटाच रस्त्याने फिरतो आणि दिसत नसलेल्या माणसांशी बोलतो. याला आकाशभाषित म्हणतात. पद्धत अशी की विट कोणाला तरी हाक मारतो, थांबतो, हवेत कान देतो, ‘काय म्हणतेस?’ असं विचारतो आणि तिचं उत्तर स्वतःच बोलून दाखवतो. मग त्यावर आपलं म्हणणं. ‘चतुर्भाणी’ या नावाने जुने चार भाण एकत्र मिळतात. त्यांतलं जग रजतच्या जगापेक्षा कमी अचरट नाही. थट्टा आहे, लाथा आहेत, दारू आहे, तरुण पुरुषांची रडगाणी आहेत.

पण बघा, मंचावर एकच पुरुष, दुसरं कोणी नाही, संपूर्ण सत्ता त्याच्या जिभेकडे, आणि तरीही नाट्याच्या नियमाने त्याला थांबून विचारावं लागतं, काय म्हणतेस? उत्तर तो रंगवून सांगेल, आपल्या सोयीचं सांगेल. पण उत्तर असतं. वाक्याच्या मध्ये तिच्यासाठी एक जागा सोडलेली असते. रजतच्या पाच मिनिटांत ती जागा नाही. नेहाचं म्हणणं तो आवाज बारीक करून, नक्कल करून मध्येमध्ये ऐकवतो, तेवढंच. संस्कृतातला विट जे विचारायचा तेच जिन्यात बसलेल्या मावशीने विचारलं होतं, आणि चार शिकलेली पोरं (मला धरून पाच) तिला उत्तर देऊ शकली नव्हती.

आमच्या परंपरेत अचरटपणा कमी होता आणि आता वाढला, असं मला अजिबात म्हणायचं नाही. गौळणीत कृष्ण आणि पेंद्या मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट अडवतात, दाण मागतात, आणि त्या दाणाचे अर्थ काय काय होतात ते मंडळाच्या अंकात लिहिता येणार नाही. पण तिथे मावशी आहे (माझी नव्हे, तमाशातली). ती कृष्णाची अशी काही उलटतपासणी घेते की देवाला पळता भुई थोडी होते. कलगी-तुऱ्यात तर भांडणाचा विषयच हा. कलगीवाले शक्तीची बाजू घेणार, तुरेवाले शिवाची, आणि थोर कोण यावर रात्र रात्र सवाल-जवाब. एका बाजूने सवाल टाकला आणि उठून घरी गेला, असं करताच येत नाही. जवाब ऐकायला बसावं लागतं, आणि तो मिळाला नाही तरच जिंकलात.

यावर तुमच्यातलं कोणी म्हणेल, आणि खरंच म्हणावं, की गौळणीतली मावशी म्हणजे साडी नेसलेला पुरुष, तिची वाक्यं पुरुषाने रचलेली, कलगीचे शाहीरही बहुतेक पुरुषच. मग हा जवाब बायकांचा कसा? नाहीच तो. मला एवढंच दिसतं की लिहिणारा पुरुष असूनही दुसऱ्या बाजूला जागा ठेवणं त्याला भाग होतं, कारण त्याशिवाय खेळ रंगत नसे.

बायकांचा स्वतःचा पंचनामा हवा असेल तर तो वेगळ्या ठिकाणी आहे. पश्चिम महाराष्ट्रात भोंडला किंवा हादगा, आमच्याकडे खानदेशात भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली जमतात, गाणी म्हणतात, खिरापत ओळखतात. या गाण्यांत सासर सोलून काढलेलं असतं. भोंडल्यातलं वेड्या नवऱ्याचं गाणं तुम्हाला माहीत असेल. बायकोने करंज्या केल्या की हा त्या होड्या समजून पाण्यात सोडतो, लाडू केले की चेंडू समजून खेळतो. लहान मुली खिदळत म्हणतात. आणि शेवटच्या कडव्यात बायको झोपलेली असते, ती मेली असं समजून तो तिला जाळून टाकतो. खिदळणं तिथेही थांबत नाही. पुरुषांच्या अचरट विनोदाला आपण भडक म्हणतो, पण या गाण्याइतकं भडक मी तरी कुठल्या हिंदी सिनेमात पाहिलेलं नाही. नवऱ्यांना उत्तर द्यायला इथेही कोणी बोलावलेलं नसतं, हे कबूल. फरक इतकाच की गाणाऱ्या मुली संध्याकाळ संपली की त्याच सासरी नांदायला जाणार असत.

परत वरच्या खोलीत येऊ. मला सगळ्यात जास्त वेळ छळलेला प्रश्न असा की ती चौघं रजतच्या तक्रारींवर इतकी का हसली? त्यांच्यापैकी कोणालाच मैत्रीण नव्हती. नेहासारखी हॉटेलात नेण्याचा हट्ट धरणारी तर सोडाच, ‘जेवलास का’ विचारणारीही नव्हती. 2011 च्या जनगणनेत सुरत शहरात हजार पुरुषांमागे साडेसातशेच्या आसपास बायका होत्या, म्हणजे दर चार पुरुषांमागे तीन. ही काही फक्त मुली मारल्याची आकडेवारी नाही. बाहेरून एकटे आलेले पुरुष त्यात आहेत. आमच्या वरच्या खोलीसारख्या हजारो खोल्या त्यात आहेत. आणि गावाकडे गेलं तर कोरडवाहू शेती आणि लूम्सवरची नोकरी ऐकून मुलगी देत नाहीत. मावसभावाची तोपर्यंत तीन स्थळं मोडली होती.

म्हणजे जे प्रेम त्यांना कधी मिळालंच नाही त्याच्या नुकसानीचा पंचनामा ते बघत होते. न पेरलेल्या शेताचा पंचनामा. कोल्ह्याला द्राक्षं आंबट म्हणून मोकळं होता येईल, पण मला ते पुरेसं वाटत नाही. त्या रात्री त्या हसण्यात सुटकेचा आवाज होता. बरं झालं, आपण या भानगडीत नाही. निदान पाच मिनिटं तरी एकटं असणं ही त्यांची निवड असल्यासारखं वाटलं. फ्लॅट, गाडी, चांगला पगार असलेला दिल्लीचा पोरगा सांगतोय की मुलीवाचूनच बरं, तर मग आपण काही फार गमावलेलं नाही. चादर ओढून सगळे झोपले. लूम्सवाल्याला सकाळी सातची पाळी होती.

हे पहिल्यांदा गोडादऱ्यात घडलं असंही नाही. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले गडी असेच एका खोलीत दाटीने राहत, खानावळीत जेवत, बायको गावाला. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशे गर्दी खेचत ते याच गड्यांच्या जिवावर. दादा कोंडके त्याच भागात वाढले. कामगारवस्ती, एकटे पुरुष आणि अचरट करमणूक हे तिन्ही एकत्र येतात याला निव्वळ अभिरुचीचा प्रश्न म्हणणं मला सोपं उत्तर वाटतं. पण लालबागच्या मंचावर बाई उभी असायची. टोमणा मारणाऱ्याला तिच्याकडून परत टोमणा मिळायचा, कधी लावणीतून, कधी नुसत्या नजरेने. मोबाईल जगला टेकवून बघताना तसं काही होत नाही. आम्हाला टोमणा परत देणारी एकच बाई होती, आणि ती दाराबाहेर धागे कापत होती.

इथे लेख संपवता आला असता. पण मग मीही रजतसारखाच वागलो असं झालं असतं.

पहिल्या वर्षाला असताना आमच्या एका कार्यक्रमात मी त्या स्वगताची मराठी आवृत्ती सादर केली होती. तुमच्यापैकी काही जण तिथे होतात. भाषांतर नव्हतं ते, मी नव्याने लिहिलं होतं: कॉलेजची कँटीन, लोकल, सबमिशन, शेवटच्या बाकावरची भांडणं. टाळ्या खूप मिळाल्या. दोन तक्रारी मात्र अशा होत्या की त्या एकाच मुलीला लागू होत्या. आमचं बोलणं तेव्हा तीन आठवड्यांपूर्वी बंद झालं होतं. एक गोष्ट तिच्या फोन न उचलण्याबद्दल होती, दुसरी मी इथे परत लिहिणार नाही. ती तिसऱ्या रांगेत होती. ज्यांना आमचं माहीत होतं त्यांनी माना वळवल्या. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना त्या माना वळलेल्या पाहून कळलं. भरताने अपहसितात अस्थानी, म्हणजे जागा चुकलेलं हसू धरलं आहे. त्या दिवशी हॉलभर जे पसरलं ते ते होतं, आणि मी ते श्वास रोखून, पाठ करून, आरशासमोर सराव करून आणलं होतं.

मी लिक्विड होतो, हे त्यातलं खरं. फोन मी करत राहायचो, ती उचलत नव्हती, कारण नको म्हणून तिने स्पष्ट सांगून झालं होतं. त्या मूर्खपणावर मी स्वतः हसलो असतो तर कदाचित तीही हसली असती. पण मंचावर जाताना मी रजतचा शर्ट घातला. पार्सलवाला सहा महिन्यांच्या रिचार्जवर हसत होता तेव्हा त्याने त्या मुलीबद्दल एक शब्द वाकडा काढला नव्हता, हे मला फार उशिरा आठवलं.

कार्यक्रमानंतर मी तिला काही विचारलं नाही. दीड वर्ष एका वर्गात बसून विचारलं नाही. या लेखासाठी सिनेमा परत बघताना स्वगत संपलं, खोलीत मी एकटाच होतो, आणि मावशीचा प्रश्न ऐकू आला. मोबाईल बंद केला.

संपादकांकडे देण्याआधी हा लेख मी तिला पाठवला. छापायचा की नाही ते तू सांग, आणि काही बदलायचं असेल तर बदल, असं लिहिलं. चार दिवस उत्तर नाही. मी फोन केला नाही. पाचव्या दिवशी फाईल परत आली. तिने दुसऱ्या तक्रारीचा तपशील काढून टाकला होता (वर ‘इथे परत लिहिणार नाही’ आहे तिथे आधी तो होता, लिहिण्याच्या ओघात मी परत तेच केलं होतं). ‘ती उठून रडत बाहेर गेली’ असं माझं एक वाक्य होतं, त्यावर रेघ मारून समासात लिहिलं होतं, “रडले नव्हते. पाणी प्यायला गेले होते. तू पाहिलंस का?” मी पाहिलं नव्हतं. आणि शेवटी एक परिच्छेद तिने स्वतः जोडला होता, तो तिच्याच शब्दांत देतो:

“पहिली तीन मिनिटं मीपण हसत होते. लोकलवालं तर फारच छान जमलं होतं. मग माझा नंबर आला तेव्हा माझ्या तोंडावर हसू तसंच राहिलेलं होतं, ते कुठे ठेवावं ते कळेना. लोकांना वाटलं असेल मला चाललंय. मला फोनबद्दलही बोलायचं आहे, पण ते तुझ्या लेखात नाही. माझं मी लिहीन. आणि लिक्विड वगैरे काही नव्हतास तू, नुसता चिकट होतास.”

मे महिन्यात गोडादऱ्याला गेलो होतो. वरच्या खोलीत आता दुसरी पोरं आहेत. मावसभावाचं लग्न झालं, मुलगी पारोळ्याकडची. तो आता डिंडोलीला राहतो. मावशीला मी सांगितलं की तुझा प्रश्न कॉलेजच्या अंकात छापून येणार आहे. तिला तो प्रश्न आठवतच नव्हता. तो सिनेमाही आठवत नव्हता. सगळं परत सांगितलं, त्या पोराने मित्राला काय काय सांगितलं ते, निम्मं स्वगत करूनच दाखवलं. ती हसली, चांगली मोठ्याने हसली. मग धागा तोडत म्हणाली, “आनि तुनी? ती काय बोलनी?”

मी फाईल उघडून तिला वाचून दाखवली. ‘चिकट’ला अहिराणीत काय म्हणतात यावर आमचा बराच वेळ गेला.